खटक्यासाठी पोलाद

माझ्या टेबलाच्या खणात एक घडीचा चाकू आहे. मीच केलेला. शिसवीची मूठ, बोटभर लांबीचं पातं, आणि पातं पूर्ण उघडलं की आतून बसणारा खटका. त्या खटक्यासाठी योग्य धातू शोधण्यात माझे पाच महिने गेले आणि शेवटी तो सापडला आमच्याच घरात, भिंतीवर. तो माझा नव्हता. पुढे जे झालं ते माझ्या बायकोशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि तिनेही कधी तोंडातून काढलं नाही. मलाच आता ते पोटात ठेवणं जमेनासं झालंय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत मी टूलरूमला फिटर होतो. राहायला बदलापूर गावात, दोन खोल्या आणि पुढे ओटी. घरात बायको, चार वर्षांची मुलगी आणि माझे वडील. वडील सुतार. जन्मभर त्यांनी एका कारखान्यात लाकडी खोकी ठोकली आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या लोकांची दारं-खिडक्या केली. निवृत्त झाले आणि वर्षा-दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस दारात उभा राहिला की कोणीतरी आलंय एवढंच त्यांना कळायचं, कोण ते आवाजावरून. ऑपरेशनला घाबरायचे. त्या पावसाळ्यात नातीनेच त्यांना तयार केलं. शेजारच्या मुलीला बसायला छोटा पाट होता, हिला तसाच हवा होता. "डोळे येऊ देत, तुला सागवानी पाट करून देतो," असं ते बोलून बसले. मग डॉक्टरांना दाखवलं आणि दसरा झाला की ऑपरेशन करायचं असं ठरलं.

आता चाकूचं. आमच्या एका साहेबांच्या भावाने त्यांना परदेशातून घडीचा चाकू पाठवला होता. चहाच्या सुट्टीत ते त्याने सफरचंद सोलत बसायचे आणि आम्ही बघत उभे. एकदा मी हातात घेऊन पाहिला. पातं उघडलं की मुठीच्या आतली एक पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाशी अडत होती. कितीही दाबा, पातं मिटत नव्हतं. अंगठ्याने पट्टी ढकलली की मगच मिटायचं. साहेब म्हणाले, "हे आपल्याकडे नाही होत. पाती करतील आपले लोक, पण असं लॉक नाही जमणार."

मला राग पटकन येतो. सगळ्यांसमोर बोलून गेलो, "सहा महिन्यांत करून दाखवतो, साहेब." सगळे हसले. साहेबही हसले, पण चांगल्या मनाने, हे आता कळतं. तेव्हा ते हसणं मला बोचलं आणि मी हट्टाला पेटलो.

पातं सोपं होतं. मशीनच्या हॅक्सॉचं तुटकं पातं घासून घेतलं. मूठही झाली. घोडं अडलं ते खटक्यापाशी. त्या पट्टीचा धातू असा हवा की वाकवला की परत जागेवर आला पाहिजे, हजार वेळा उघडमीट केली तरी तोंडाशी झिजता कामा नये, आणि इतका कडकही नको की एक दिवस मोडून हातात येईल. पहिल्यांदा मी पितळ घेतलं. कापायला सोपं, घासायला सोपं, आणि दिसायला देखणं. आठ दिवस उघडमीट केली आणि पट्टीचं तोंड चेपलं, पातं डुगडुगायला लागलं. मग उल्हासनगरहून आणलेल्या स्टीलच्या ताटाचा काठ कापून पाहिला. बायको ताट शोधत राहिली. ते पोलाद तर वाकवलं की वाकलेलंच राहायचं, त्याला परत यायची इच्छाच नव्हती. मग एक जाड पट्टी गॅसवर लाल करून तेलात बुडवली. घरभर धूर झाला आणि पट्टी दुसऱ्या दिवशी काचेसारखी तडकली.

कंपनीत भट्टीवर एक म्हातारे मामा होते. हत्यारांना पाणी देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझे तुकडे बघून ते म्हणाले, "अरे येड्या, पितळेचा काय खटका करतोस? पुढल्या महिन्यात स्प्रिंगची पट्टी येणार हाय, तुला दोन तुकडे देतो. थांब जरा."

एक महिना थांबायचं होतं. एवढंच. ते मी का केलं नाही याचं उत्तर मला आजही देता येत नाही. साहेब रोज विचारायचे, "काय, झालं का लॉक?" आणि मला रोज मिरच्या झोंबायच्या, हे खरं. पण एवढ्याशा कारणासाठी माणूस काय करून बसतो, ते पुढे आलंच.

एका रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत आडवा पडलो होतो. समोर भिंतीवर वडिलांची करवत टांगलेली होती, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. पहिल्या पगारातून घेतलेली विलायती करवत. तिची मूठ मात्र त्यांनी स्वतः कोरलेली, सागवानाची, चार बोटांना चार खोबणी. ती करवत त्यांनी जन्मात कोणाला उसनी दिली नाही. एकदा चुलत्यांनी न विचारता नेली तर त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते. मी उठलो, फडकं सोडलं आणि पातं वाकवून पाहिलं. टोक मुठीपर्यंत आणून सोडलं तर सरळ जागेवर गेलं. मग नखाने टिचकी मारली. बारीक, लांब आवाज निघाला आणि बराच वेळ थांबला नाही. पोलादाची ही परीक्षा मला वडिलांनीच शिकवली होती, मी सातवी-आठवीत असताना. "दिसण्यावर जाऊ नको, वाजवून बघ," असं सांगायचे.

ते तेव्हा ओटीवर बसून नातीला गोष्ट सांगत होते. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी मनाशी म्हणालो, आता यांना कशाला लागतेय करवत. पाटाची गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. पाटापुरती दुसरी आणू, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी करवत पिशवीत घालून कंपनीत नेली आणि जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरच्या चाकावर धरली. पोलाद तापलं तर त्याचा कस जातो, म्हणून दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत होतो. इतक्या निगुतीने मी आयुष्यात दुसरं काही कापलं नसेल. पहिली पट्टी जरा अरुंद झाली म्हणून दुसरी कापली. मूठ सोडवून घेतली आणि उरलेलं पातं कंपनीच्या भंगारात टाकलं.

खटका मात्र असा बसला की काय सांगू. पातं उघडलं की स्वच्छ 'टक्' आवाज. साहेबांनी सगळी ताकद लावून दाबून पाहिलं, पातं हललं नाही. त्यांनी तो चाकू सगळ्या खात्यांतून फिरवला. "हमारे टूलरूम में बना है," असं आल्यागेल्याला सांगायचे. भट्टीवरच्या मामांनी पट्टी वाकवून पाहिली आणि विचारलं, "हे पोलाद कुठून आणलंस?" मी म्हणालो, "मिळालं एका ठिकाणी." आठ-दहा दिवस मी जमिनीवर नव्हतो.

घट बसले आणि मी जमिनीवर आलो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. रंधा, पटाश्या, वाकस, गुण्या, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. दिसत नसलं तरी ही पूजा वडील स्वतः करायचे. मधोमध करवत ठेवायचे.

बायकोला भिंतीवरची रिकामी खुंटी केव्हाच दिसली होती. "करवत कुठे नेलीत?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. "मामंजींना सांगून टाका," ती म्हणाली. "आजच सांगा. ओरडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, पण सांगा." मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, "मला यात घेऊ नका मग."

मी सांगितलं नाही. मी उल्हासनगरला गेलो. आमच्याकडे नकली वस्तूला 'उल्हासनगरचा माल' म्हणून हिणवायची पद्धत होती, मीही हिणवायचो. तिथे जुन्या हत्यारांचं दुकान मांडून एक वयस्कर सिंधी गृहस्थ बसले होते. मी जुनी करवत मागितली, एवढ्या लांबीची, एवढ्या दातांची. ते म्हणाले, "साईं, नई ले जाओ ना, काम करना है तो." मी म्हणालो, "नही, पुरानी ही चाहिए." त्यांनी चार करवती काढल्या आणि एक मला हव्या त्या मापाची निघाली. "ये वैसे हल्का माल है, पहले से बोल देता हूँ," ते म्हणाले. नकली माल घ्यायला गेलो होतो मी आणि खरं बोलत होते ते. मी लांबी पाहिली, रुंदी पाहिली, वजन पाहिलं, दातांवरून अंगठा फिरवला. टिचकी मारून बघायचं त्या गोंगाटात सुचलं नाही.

घरी येऊन मी वडिलांची जुनी मूठ त्या पात्याला बसवली. भोकं जुळवायला अख्खी दुपार गेली. तेल लावून, त्याच फडक्यात गुंडाळून करवत खुंटीला टांगली.

नवमीला वडील आंघोळ करून बसले. मी एकेक हत्यार हातात देत होतो, ते चाचपून, पुसून मांडत होते. करवत दिली. चारही बोटं आपापल्या खोबणीत बसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला. पातं जरा वाकवलं. आणि नखाने टिचकी मारली. बसका आवाज आला आणि लगेच थांबला. त्यांनी मान किंचित तिरपी करून पुन्हा एकदा मारली. "तेल कमी लावलंयस," ते म्हणाले, आणि करवत मधोमध ठेवून चाचपत तिच्यावर कुंकू वाहिलं. मुठीने मला वाचवलं, असं मला वाटलं. बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

दसरा झाला. ठरल्याप्रमाणे ऑपरेशन करायला हवं होतं. आणि इथे मी जे केलं, त्यापुढे करवत कापणं काहीच नव्हतं. वडिलांना दिसायला लागलं की सगळ्यात आधी ते ती करवत बघतील, आणि त्यांना एका नजरेत कळेल, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली तर म्हणालो, थंडी बाधेल. मग म्हणालो, रजा मिळत नाही. रजा शिल्लक होती. वडील आपणहून ऑपरेशनचं नाव काढत नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "काय घाई हाय? दिसतंय की थोडं थोडं." पुन्हा घाबरले असणार, असं मी धरून चाललो. ते मला सोयीचं होतं. नात पाटाचं विचारायची तेव्हा मात्र ते नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे.

पौषात बायकोने मला ओटीवर गाठलं. "तुम्हाला रजा मिळत नाही, की त्यांना नजर यायला नको आहे?" तिने सरळ विचारलं. "तुम्ही नसाल नेत तर मी नेते." मी तिच्यावर ओरडलो. इतका ओरडलो की शेजारी बाहेर आले. चूक आपली असली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे. वडील आतून म्हणाले, "सूनबाई, राहू दे. मला नाय जायचं इतक्यात." मी जिंकलो.

शिमग्याच्या आधी एकदा कामावरून आलो तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, म्हाताऱ्यांचा उजवा डोळा सकाळपासून लालभडक झाला, डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या, म्हणून सूनबाई रिक्षा करून त्यांना उल्हासनगरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मी धावत पोचलो. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी मला पोरासारखं झापलं. मोतीबिंदू पिकून पिकून डोळ्यात दाब वाढला होता. उजवा डोळा गेला, आता काही करता येणार नव्हतं. डावा लगेच करायला हवा होता. "दसऱ्याला आणलं असतंत तर दोन्ही वाचले असते," ते म्हणाले. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

मी काय करत होतो ते मला नीट माहीत होतं. बायको बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. महिना-सव्वा महिन्याने जाड भिंगाचा चष्मा आला. त्या दिवशी वडील घरभर फिरले. नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिले. "केवढी झाली ही," असं तीनदा म्हणाले. मग आतल्या खोलीत गेले. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी खुंटीवरून करवत काढली, फडकं सोडलं, खिडकीपाशी नेऊन पात्याकडे पाहिलं. मग मूठ पाहिली, जिथे मी भोकं जुळवली होती तिथे बोट ठेवलं. मी ठरवलं होतं, आता सगळं सांगायचं. पाय धरायचे आणि सांगायचं.

ते म्हणाले, "ही माझी नाय."

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "मला नवमीलाच कळलं. वाजवली ना मी." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "विकलीस ना? म्हटलं, पोराला काहीतरी नड असणार, त्याशिवाय तो करवतीला हात नाय लावायचा. बापाला सांगायची लाज वाटली असंल, म्हणून दुसरी आणून टांगली. मग म्हटलं, अशा नडीत ह्याच्यावर आणि ऑपरेशनचा भार कशाला टाका? म्हणून मी नाव काढलं नाय."

खरं तेवढंच सांगायचं होतं. नड नव्हती, बाबा. घरात सगळं होतं. साहेबांना दाखवायला एक चाकू करत होतो, तुमच्या करवतीचा त्याला खटका केला, आणि तुम्हाला कळू नये म्हणून मी तुमचं ऑपरेशन लांबवत राहिलो. तीन वाक्यं. चाकू तेव्हा माझ्या खिशात होता.

"हो," मी म्हणालो. "नड होती."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असूं दे," म्हणाले. "डोळा काय, एक पुरतो."

मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. बायकोने सगळं ऐकलं होतं. रात्रीचं जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली, "तो चाकू माझ्या स्वयंपाकघरात आणायचा नाही." तिने तो कधी हातात घेतला नाही. मीही नंतर त्याने साधी सुतळी कापलेली नाही. भट्टीवरच्या मामांनी कबूल केलेली पट्टी दिवाळीआधीच आणून दिली होती, ती माझ्या लॉकरमध्ये गंजून गेली.

जवळच्या शिरगावात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. तिथल्या एका ओळखीच्या सुताराकडून वडिलांनी सागवानी फळी आणली आणि ओटीवर बसून नातीसाठी पाट करायला घेतला. मी आखून देतो म्हणालो, तर नको म्हणाले. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. पेन्सिलीची रेघ एकीकडे आणि करवत दुसरीकडे जायची. थांबायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा सुरू करायचे. ज्या माणसाने केलेल्या दारातून वाळूचा कण आत येत नसे, त्याच्या हातचा पाट एका बाजूने तिरका झाला. त्यांनी तो उचलून लांब धरून पाहिला आणि हसले. "बाजारची करवत," नातीला म्हणाले, "सरळ जात नाय."

त्यानंतर सात-आठ वर्षं ते जगले. दर नवमीला तीच करवत मधोमध ठेवून पुजत राहिले, पण टिचकी पुन्हा कधी मारली नाही. मला सांगायला सात-आठ वर्षं होती. सांगितलं नाही.

पाट अजून घरात आहे. मुलगी सासरी न्यायला तयार होती, मी दिला नाही. एखादा पाहुणा त्यावर बसला की पाट कलतो, आणि कोणीतरी हमखास विचारतं की एवढ्या चांगल्या सुताराच्या घरात हा असा तिरका पाट कसा. बायको आत निघून जाते. मी सांगतो, करवत बाजारची होती.